बुडाले ते कोणाचे?

माझी सगळी नोकरी एका सरकारी बँकेत झाली. सुरुवातीची वर्षं सातारा-सांगलीकडच्या शाखांमध्ये कर्जाच्या फायली बघण्यात गेली, पुढची मुंबईला, ट्रेझरीत. त्यामुळे शेअर बाजार आपटला की सोसायटीतले लोक मला जिन्यात गाठतात. "काका, आता मंदी येणार का हो?" एका शब्दात उत्तर देणं मला कधी जमलेलं नाही. बाजार निम्म्यावर आला आणि त्याच वर्षी देश बऱ्यापैकी वाढला, हे मी पाहिलंय. उलट बाजार शिखरावर असताना भोसरीतल्या कारखान्यात दुसरी पाळी बंद झालेलीही पाहिली आहे. मग जे काही समजलं ते मुद्द्यामुद्द्याने लिहून काढलं. मुद्दे सुचले तसे लिहिलेत, क्रमात फार अर्थ नाही.

१. 'इतके लाख कोटी बुडाले' या मथळ्याने घाबरू नये.

४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल लागत होते. सेन्सेक्स ४,३९० अंकांनी पडला आणि संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर एकच बातमी होती: गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी रुपये बुडाले. केंद्र सरकारला वर्षभरात मिळणाऱ्या एकूण कराच्या जवळ जाणारी ही रक्कम. आणि त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी सेन्सेक्स निकालाच्या आदल्या दिवसापेक्षाही वर बंद झाला. मधल्या दिवसांत त्या पडझडीपायी ना कोणता कारखाना बंद पडला, ना कोणाची ठेव अडकली.

हा आकडा काढतात कसा, ते एकदा समजून घ्यावं. शेवटच्या सौद्याचा भाव घ्यायचा आणि त्याने कंपनीचे सगळेच्या सगळे शेअर गुणायचे. शंभर घरांच्या सोसायटीत एकाने घाईपोटी फ्लॅट पाच लाखांनी स्वस्त विकला, म्हणून उरलेल्यांचेही प्रत्येकी पाच लाख गेले, एकूण पाच कोटी बुडाले, असं म्हणण्यासारखंच आहे ते. त्यांनी घर विकायलाच काढलेलं नाही. त्यांच्यापैकी कोणी फुगलेल्या किमतीवर कर्ज उचललं असेल, तर मात्र गोष्ट बदलते. यापुढचे बहुतेक मुद्दे त्या एका माणसाबद्दल आहेत.

२. भाव उतरणं वेगळं आणि बँकेच्या पैशाला भगदाड पडणं वेगळं.

१९९२ साली या दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या, म्हणून लोकांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ झाली ती आजतागायत आहे. शेअर दलाल हर्षद मेहता म्हटलं की शेअर आठवतात. घोटाळा मुळात सरकारी रोख्यांच्या बाजारातला होता. तेव्हा बँका आपसांत 'रेडी फॉरवर्ड' करत: एकीने दुसरीला रोखे विकायचे आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या भावाने परत घ्यायचे. म्हणजे रोख्यांच्या तारणावर दिलेलं थोड्या दिवसांचं कर्जच. प्रत्यक्ष रोखे हलत नसत. 'तुमचे रोखे आमच्याकडे आहेत' अशी बँकेची पावती चालत असे, तिला बीआर म्हणत. रिझर्व्ह बँकेतल्या नोंदीही हाताने होत आणि मागे पडलेल्या असत. या फटीत दलाल शिरला, बँकांचे चेक त्याच्या खात्यात जमा होऊ लागले आणि काही बीआरच्या मागे रोखेच नव्हते. चौकशी करणाऱ्या जानकीरामन समितीने एकूण खड्डा ४,००० कोटींहून थोडा जास्त काढला.

या प्रकरणात आमच्या भागातली बँक ऑफ कराड सापडली. स्वतःच्या ताकदीच्या कितीतरी पट रकमेच्या बीआर तिच्या नावाने निघाल्या होत्या आणि १९९२ मध्येच ती अवसायनात गेली. पुढे तिचा कारभार बँक ऑफ इंडियाकडे आला. कराडच्या ज्या गुळाच्या व्यापाऱ्याने किंवा निवृत्त शिक्षकाने आयुष्यात एक शेअर घेतला नव्हता, त्याची ठेव दलाल स्ट्रीटच्या भानगडीत अडकली. त्या दिवसांत आमच्याकडच्या शाखांतही लोक पासबुक घेऊन येत. पैसे काढायला नव्हे, काउंटरवरच्या माणसाचा चेहरा वाचायला. व्यवस्थापकाने त्या दिवशी नेहमीसारखा चहा मागवला की नाही, यावरही लोक अंदाज बांधत असत.

तरीही देशाचं काय झालं? एप्रिल १९९२ मध्ये ४,४०० च्या वर गेलेला सेन्सेक्स वर्षभरात निम्म्यावर आला, आणि १९९२-९३ मध्ये अर्थव्यवस्था ५ टक्क्यांहून जास्त वाढली. आदल्या, परकीय चलनाच्या संकटाच्या वर्षी ती जेमतेम १ टक्क्याच्या आसपास होती. याचं कारण माझ्या मते असं, की खड्ड्याचा मोठा भाग ज्यांच्याकडे गेला त्यांना तो पेलणारा होता. स्टेट बँक आणि नॅशनल हाउसिंग बँक यांच्यामागे सरकार व रिझर्व्ह बँक होती, स्टँडर्ड चार्टर्डमागे लंडनचं मुख्यालय. त्यांनी तोटा गिळला आणि कर्ज देणं थांबवलं नाही. कराडच्या बँकेमागे कोणी नव्हतं, म्हणून ती गेली. एवढाच फरक.

३. आधी तारण बघावं.

शाखेत असताना आम्हाला शिकवलं होतं की तारणाची किंमत कर्जदाराच्या नशिबावर अवलंबून असू नये. ज्या दिवशी तो बुडेल त्याच दिवशी तारणही बुडणार असेल, तर ते कागदावरचं तारण. हा धडा मुंबईने १८६५ सालीच घेतला होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसा वाहू लागला. त्यातून बँका, वित्त कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतल्या बॅकबे कंपनीच्या शेअरचे भाव तर डोळे फिरावेत असे होते. प्रेमचंद रायचंद हे त्या खेळाचे बादशहा. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला.

कापसातला पैसा खरा होता. घात झाला तो बँक ऑफ बॉम्बेने शेअरांच्याच तारणावर, शेअर घेण्यासाठी कर्ज वाटल्याने. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला, शेअर कोसळले, आणि तारण व कर्जदार एकाच वेळी रिकामे झाले. सरकारचा हिस्सा असलेली ही बँक १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. पुढे रिझर्व्ह बँकेने बँकांच्या शेअर बाजारातल्या एकूण गुंतवणुकीला आणि कर्जाला नक्त मालमत्तेच्या ४० टक्क्यांची मर्यादा घातली. माणशी कर्जालाही वर्षानुवर्षं २० लाखांचं कुंपण राहिलं. तरुण अधिकाऱ्यांना हे नियम जाचक वाटत. मला कधी वाटले नाहीत.

४. भागधारकाचा तोटा त्याच्यापाशी थांबतो, कर्जाचा तोटा पुढच्या दारी जातो.

अमेरिकेतली दोन वर्षं शेजारी ठेवून बघा. मार्च २००० मध्ये ५,००० च्या वर गेलेला नॅसडॅक ऑक्टोबर २००२ पर्यंत ७८ टक्के घसरला. कागदोपत्री गेलेली रक्कम पाच लाख कोटी डॉलरच्या घरात होती. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी मुलांना दिलेली नेमणूकपत्रं लांबवली. कॅलिफोर्नियाला गेलेल्या आमच्या नात्यातल्या काही जणांनी सामान बांधायची तयारी केली. पण तिकडची मंदी आठ महिन्यांत आटोपली आणि ती सौम्यच होती. डॉटकॉमचे शेअर लोकांनी बहुतांशी स्वतःच्या पैशाने घेतलेले होते. ते हळहळले, गप्प बसले.

२००८ मध्ये गृहकर्जांवर प्रत्यक्ष झालेला तोटा त्यापेक्षा पुष्कळ लहान होता. पण ती कर्जं बँकांच्या पुस्तकात होती आणि बँकांनी उसन्या पैशावर ती पेलली होती. लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेकडे स्वतःच्या एका डॉलरमागे सुमारे तीस डॉलरची मालमत्ता होती. अशा ठिकाणी भाव तीन-चार टक्क्यांनी उतरला की भांडवल संपतं. मग देणेकऱ्याचा तोटा घेणेकऱ्याचा होतो, घेणेकऱ्याचा त्याच्या ठेवीदाराचा. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतली बेकारी १० टक्क्यांवर होती.

५. तोटा सोसणाऱ्याला थांबता येईल का, हा प्रश्न तोट्याच्या रकमेपेक्षा मोठा.

ऑक्टोबर २००८ मध्ये मी डीलिंग रूममध्ये होतो. भारतीय बँकांकडे अमेरिकन गृहकर्जाचे कागद जवळजवळ नव्हतेच. तरीही १० ऑक्टोबरला कॉल मनीचा दर, म्हणजे बँकांनी एकमेकींकडून एका रात्रीसाठी घेतलेल्या पैशाचं व्याज, २० टक्क्यांच्या जवळ गेला. एरवी आम्ही पाव टक्क्यासाठी घासाघीस करायचो. त्या दिवशी पलीकडचा माणूस दर सांगायच्या आधी 'किती हवेत' एवढंच विचारत होता, आणि आकडा ऐकून फोन ठेवत होता.

पैसा गेला कुठे होता? परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून डॉलर नेत होते. रुपया सावरायला रिझर्व्ह बँक डॉलर विकत होती आणि तेवढे रुपये बाजारातून काढले जात होते. ज्या मोठ्या कंपन्यांना परदेशातून स्वस्त पैसा मिळत होता, त्यांची तिकडची दारं बंद झाली आणि त्या देशी बँकांकडे धावल्या. शिवाय त्यांनी लिक्विड फंडांत ठेवलेली रक्कम एकदम परत मागितली. फंडांकडे तीन-तीन महिन्यांचे कागद होते आणि पैसे द्यायचे होते उद्या. तो कागद चांगलाच होता, मुदतीला फिटलाही असता. पण मुदतीपर्यंत थांबायला वेळ नव्हता. न्यूयॉर्कमधल्या रिझर्व्ह प्रायमरी फंडाचीही गत हीच झाली होती. सुमारे ६,२०० कोटी डॉलरच्या फंडात लेहमनचा कागद फक्त ७८.५ कोटी डॉलरचा होता, तरी रांग लागली.

याचा फटका ज्यांना बसला त्यांचा वॉल स्ट्रीटशी संबंध शून्य होता. इचलकरंजीचा कापड निर्यातदार माल पाठवण्याआधीचं कर्ज डॉलरमध्ये उचलत असे. आम्ही ते डॉलर परदेशी बँकांकडून आणत होतो. तिकडून ती उचल बंद झाली तशी त्याची ऑर्डर हातात असून सूत घ्यायला पैसा उरला नाही. माझ्या लेखी बाजारातलं नुकसान अर्थव्यवस्थेचं होतं ते या क्षणी, ऑर्डर असूनही जेव्हा खेळतं भांडवल मिळत नाही. त्यावेळी रिझर्व्ह बँक वेगाने हलली. रोख राखीव प्रमाण जानेवारी २००९ पर्यंत ९ वरून ५ टक्क्यांवर आणलं आणि म्युच्युअल फंडांना पैसा पोचवण्यासाठी बँकांना २०,००० कोटींची खास खिडकी उघडून दिली. वाढीचा दर ९ च्या वरून पावणेसातच्या आसपास आला खरा, पण बँका उभ्या राहिल्या.

६. निर्देशांक वर असतानाही पाणी आटलेलं असू शकतं.

सप्टेंबर २०१८. आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांना कर्ज देणाऱ्या समूहाचे कागद थकले. सुमारे ९१,००० कोटींचं कर्ज, तीनशेहून अधिक उपकंपन्या, आणि काही आठवडे आधीपर्यंत पतमानांकन सर्वोच्च. २१ सप्टेंबरला एका फंडाने डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचा कागद चढ्या व्याजाने विकल्याची बातमी फुटली आणि त्या कंपनीचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून अधिक पडला. बाजाराने ते पचवलं. जून २०१९ मध्ये सेन्सेक्स ४०,००० च्या आसपास होता आणि टीव्हीवर फटाके फुटत होते.

इकडे बिगरबँक वित्त कंपन्यांचा श्वास अडकला होता. त्या बँकांकडून आणि फंडांकडून लहान मुदतीचा पैसा उचलत आणि ट्रक, मोटारसायकल, घर यांसाठी लांब मुदतीची कर्जं देत. पुन्हा उचल मिळेना तसं त्यांनी नवं कर्ज देताना हात आखडता घेतला. गावातल्या शोरूमला गाड्यांचा साठा ठेवायला मिळणारं कर्जही यातूनच यायचं. जुलै २०१९ मध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ ३१ टक्क्यांनी घटली. माझा एक भाचा भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवतो. त्याला आयएल अँड एफएस हे नाव मी सांगितलं तेव्हा प्रथम कळलं. त्याला माहीत होतं ते एवढंच की चाकणहून येणारं शेड्यूल दर महिन्याला कमी होतंय. मंदीची इतरही कारणं होती, विमा महागला होता, गाड्यांचे नवे नियम येऊ घातले होते. पण पैशाची नळी चेपली नसती तर घसरण एवढी तीव्र झाली नसती, असं मी ठामपणे म्हणेन. २०१९-२० ची वाढ ४ टक्क्यांच्या आसपास उतरली.

७. बाजार कधीकधी नुसता आरसा असतो.

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला. त्या पडझडीमुळे दुकानं बंद झाली नाहीत. दुकानं बंद होणार म्हणून ती पडझड झाली. महिन्याभराने एका फंड कंपनीने सहा रोखे योजना बंद केल्या तेव्हा मी जास्त घाबरलो होतो, कारण तिथे पुन्हा 'आज पैसे द्या' हा प्रश्न होता.

८. न दिसणारा हमीदार शोधावा.

२ जुलै २००१ ला यूटीआयने आपल्या यूएस-६४ या युनिट योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. दोनेक कोटी लोकांचे पैसे त्यात होते. त्यांच्या समजुतीने ती शेअरमधली गुंतवणूक नव्हती, ती सरकारची योजना होती. परतीची किंमत युनिटमागच्या खऱ्या मालमत्तेशी जुळवलेलीच नव्हती. बाजार पडला, फट उघडी पडली आणि अखेर सरकारला पदरमोड करून ती झाकावी लागली. म्हणजे शेअरांचा तोटा करदात्याकडे गेला. आमच्या बँकेत त्या पावसाळ्यात लग्नासाठी, घराच्या हप्त्यासाठी युनिटांवर कर्ज मागायला येणाऱ्यांची रीघ होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक कोसळली. शेअर दलाल केतन पारेख याच्या प्रकरणात तिच्या पे ऑर्डर फिरत होत्या. मुंबईतल्या एका सरकारी बँकेने वटवलेल्या १३७ कोटींच्या पे ऑर्डर परत आल्या. पे ऑर्डर म्हणजे रोकडच, अशी आमची वाढ झालेली, त्यामुळे आमच्या पिढीच्या बँकवाल्यांना तो धक्का मोठा होता. त्याहून वाईट म्हणजे गुजरातच्या कितीतरी छोट्या सहकारी बँकांनी आपल्या ठेवी माधवपुरात ठेवल्या होत्या. बाजारातला एक माणूस, एक बँक, आणि तिच्यामागे तालुक्यातालुक्यातले ठेवीदार. नंतर नागरी सहकारी बँकांना शेअर दलालांना कर्ज द्यायला बंदी झाली.

९. घरातला पैसा आता बाजारात आलाय, म्हणून जुने आडाखे जपून वापरावेत.

मी नोकरीला लागलो तेव्हा मराठी घरातली बचत म्हणजे सोनं, पोस्ट, एलआयसी आणि जमलं तर फ्लॅट. बाजार पडल्याने घरखर्चात कपात झाली असं घर शोधून सापडलं नसतं. आता दर महिन्याला एसआयपीतून २०,००० कोटींहून अधिक रक्कम येते. ही माणसं लगेच खर्च आवरत नाहीत, आणि हा पैसा बहुतेक स्वतःचा आहे, म्हणून त्याची मला फारशी काळजी नाही.

काळजी आहे ती फ्युचर्स-ऑप्शन्सची. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून अधिक किरकोळ व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. हे ३१ लाख कोटींसारखं कागदी नुकसान नाही. हा पैसा एकाच्या खात्यातून प्रत्यक्ष निघून दुसऱ्याच्या खात्यात आणि दलालीत गेला. आकार लहान, पण खरा. त्यातला किती भाग वैयक्तिक कर्जाचा, क्रेडिट कार्डाचा किंवा मोबाईलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या उचलीचा होता, हे मला बघायचं असतं. कर्ज घेताना कारण 'घरदुरुस्ती' लिहिलेलं असतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांवरचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला, तेव्हा बँकांच्या शेअरवाल्यांनी कुरकुर केली होती. मला ती कारवाई योग्य वाटली.

१०. सेन्सेक्सऐवजी मी काय बघतो.

बाजार पडलेल्या दिवशी आधी कॉल मनीचा दर बघतो. मग कमर्शियल पेपर, म्हणजे कंपन्यांचा थोड्या मुदतीचा कागद, आणि त्याच मुदतीची सरकारी हुंडी यांच्या व्याजातलं अंतर. ते एका आठवड्यात झपाट्याने वाढलं तर सावध होतो. वित्त कंपन्यांचे शेअर बाकीच्यांपेक्षा जास्त पडलेत का, लिक्विड फंडांतून किती पैसा निघाला, आणि कोणी 'तात्पुरती' परतफेड थांबवली का, हेही पाहतो. यातलं काही हललेलं नसेल तर सोसायटीतल्या मंडळींना सांगतो की ज्यांचे शेअर आहेत त्यांचा दिवस वाईट गेलाय. हललेलं असेल तर भोसरीला भाच्याला फोन लावतो आणि त्याच्या कॅश क्रेडिटची मर्यादा अजून किती शिल्लक आहे ते विचारतो.